जंगलाचं वय, वजन आणि वास

मे महिना सरत आला की जंगलाबद्दलची पत्रं वाढतात. या खेपेला आठ निवडली आहेत. पाठवणाऱ्यांत शिक्षिका आहेत, बागायतदार आहेत, लाकडाचे एक जुने व्यापारी आहेत, नववीतली एक मुलगीही आहे. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण यातल्या बहुतेक पत्रांना निव्वळ वनस्पतिशास्त्र पुरलं नाही. कुठे भूगर्भशास्त्र उसनं आणावं लागलं, कुठे रसायन, आणि एका ठिकाणी तर थेट संतचरित्र.

प्रश्न : वाईहून महाबळेश्वरला सहल नेली होती. तीसेक किलोमीटरच्या वाटेत मुलांनी तीन तऱ्हेची जंगलं मोजली. एकानं विचारलं, “बाई, एक जंगल संपून दुसरं नेमकं कुठे सुरू झालं?” पुस्तकात याचं उत्तर नाही. काय सांगू? — एक शिक्षिका, वाई

आधी त्या मुलाची पाठ थोपटा. या प्रश्नावर शंभरएक वर्षं शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत.

हवामानशास्त्राला विचारलंत तर ते पावसाचा आकडा पुढे करेल. वाईत वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात की दुपटीहून जास्त, आणि महाबळेश्वरला सहा हजारांच्या आसपास. त्यामुळे खाली बाभूळ, हिवर, खैर अशी काटेरी मंडळी, मध्ये उन्हाळ्यात पानं गाळणारं रान, आणि वर पिसा, जांभूळ, अंजनी, हिरडा यांची गच्च सावली. जगाच्या नकाशावर जंगलांचे जे मोठमोठे पट्टे रंगवतात त्यांना बायोम म्हणतात. तुमच्या मुलांनी एका सकाळीत एस.टी.च्या खिडकीतून तीन पट्ट्यांची झलक पाहिली. गंमत म्हणजे हवामानाचा जगभर वापरला जाणारा नकाशा १८८४ पासून ज्यानं घडवत नेला तो व्लादिमिर कोपेन मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला. तापमापक जागोजाग नव्हते, म्हणून हवामानाच्या रेघा कुठे ओढायच्या ते त्यानं झाडांना विचारून ठरवलं. आपण आज उलट म्हणतो, की हवामान झाडं ठरवतं. दोन्ही खरं आहे.

पण नुसत्या बेरजेच्या पावसावर विसंबू नका, इथे भले भले फसतात. महाबळेश्वरचा पाऊस केरळातल्या कित्येक घनदाट रानांपेक्षा जास्त आहे, तरी महाबळेश्वरची झाडं बुटकी आणि केरळातली मात्र मान मोडेस्तोवर उंच. कारण आपल्याकडे तो सगळा पाऊस चार महिन्यांत ओतला जातो आणि पुढे सात-आठ महिने जवळपास कोरडे. दक्षिणेत कोरडे महिने दोन-तीनच. झाडाला वर्षाचा हिशेब बघून चालत नाही, एप्रिलमध्ये मुळाशी ओल आहे का एवढाच त्याचा सवाल असतो. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेनं पश्चिम घाटाच्या जंगलांचे जे नकाशे केले, त्यात पावसाइतकंच वजन कोरड्या महिन्यांच्या संख्येला दिलं आहे. ते नकाशे मला आजही सगळ्यात शहाणे वाटतात.

आता खडक. महाबळेश्वरच्या माथ्यावर बेसॉल्टवर जांभ्याची टोपी आहे, माती उथळ आणि वारा बेफाम. म्हणूनही तिथली झाडं वाकडी आणि ठेंगणी. उलट कड्यांच्या मधल्या पायऱ्यांवर बघा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी असते, तिच्यातून पाणी झिरपतं. त्या पायरीवर माती साठते आणि हिरव्या झाडीची आडवी ओळ उभी राहते. लांबून कडा लुगड्याच्या काठासारखा दिसतो. तो काठ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हानं विणलाय.

वनखातं ज्या वर्गीकरणावर चालतं ते चॅम्पियन आणि सेठ यांचं, १९६८ सालचं. त्यात भारतातल्या जंगलांचे १६ मोठे गट आहेत. वर्गीकरण उपयोगी आहे, पण त्या चौकटी कागदावरच्या. पुढच्या वेळी सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये न्या आणि दर दोन किलोमीटरवर थांबून मुलांना जवळची दहा झाडं बघायला सांगा. काटेरी किती, निष्पर्ण किती, हिरवी किती. घरी येऊन आलेख काढला की रेघ कुठेच सापडणार नाही, उतार सापडेल. “कुठे संपलं” याचं खरं उत्तर तो उतारच.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरचं माळरान कागदोपत्री ओसाड आहे. दर पावसाळ्यात खड्डे खणून रोपं लावतात, फोटो काढतात, मार्चपर्यंत रोपं मरतात. शहरातून येणारे म्हणतात, इथे पूर्वी जंगल होतं, ते तुम्ही तोडलंत. आमचे आजोबा म्हणायचे, इथे कायम माळच होता. खरं कोण? — एक शेतकरी, पुरंदर तालुका

माझं मत आजोबांच्या पारड्यात. पण मत राहू द्या, पुरावे कसे गोळा करतात ते बघू. जंगलाचा अभ्यास किती शास्त्रांच्या खांद्यावरून होतो, हे इथे सगळ्यात छान दिसतं.

पहिला दरवाजा रसायनशास्त्राचा. हवेतल्या कर्बात थोडासा जड कर्ब असतो. झाडं आणि आपल्या उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं तो वेगवेगळ्या प्रमाणात उचलतात, कारण त्यांची अन्न बनवण्याची रीत वेगळी आहे. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं एका रीतीची, आंबा-ऐन-हिरडा दुसऱ्या रीतीचे. हे प्रमाण एका ठरावीक मोजपट्टीवर मांडलं, तर झाडांच्या पानांचा आकडा उणे २७ च्या आसपास येतो आणि या गवतांचा उणे १३ च्या. पान कुजून माती झाली तरी ही खूण बरीचशी टिकते. मग खोल थरातली माती घेऊन यंत्राला विचारायचं, की तू झाडांची लेक की गवताची? आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निलगिरीच्या दलदलीतल्या थरांवर हेच केलं. हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, तिथे उष्ण प्रदेशातल्या गवतांचंच राज्य होतं असं निघालं. तेव्हा तिथे कुऱ्हाड घेऊन कोण गेलं असेल?

तुमच्या माळावर मात्र हे तितकं सोपं नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ढेकळं भेगेत पडतात, पावसात माती फुगून सगळं घुसळून निघतं. थरांची वही म्हणावी तर पानंच उलटीपालटी. मुरमाड माळावर तर मातीच वीतभर. दुसरा दरवाजा परागकणांचा, तोही आपल्याकडे अर्धवटच उघडतो. पराग टिकायला पाण्याखालचा, हवा न लागणारा गाळ हवा, आणि दख्खनच्या पठारावर जुनी नैसर्गिक तळी फार थोडी. मिळाले तरी सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या गवतांचे पराग एकसारखे गोल. गवत होतं इतकं कळतं, कुठलं ते नाही.

म्हणून काही जणांनी वेगळीच वाट धरली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुनं मराठी साहित्य चाळलं. संतचरित्रं, ओव्या, लोकपरंपरेतल्या कथा, त्यात आलेली रानटी झाडंझुडपं वेचली आणि २०२५ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सातशे-साडेसातशे वर्षं मागे जाणाऱ्या या मजकुरात ४४ वनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात वाढणाऱ्या निघाल्या. पंढरपूरला देवळाच्या आवारात कान्होपात्रेचं तरटीचं झाड आपण सगळे जाणतो. तरटी हे काटेरी झुडूपवजा झाड, उघड्या माळावरचं. घनदाट रानात ती वाढत नाही. वारकऱ्यांनी हा पुरावा शतकानुशतकं डोळ्यांपुढे ठेवला होता, आमच्या वनस्पतिशास्त्राला तो दिसायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. मला स्वतःला याची थोडी लाज वाटते.

आणखी मागे जायचं तर पुरातत्त्व. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळालेत, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे, एकावर तर माणसानं कोरलेली नक्षी आहे. शहामृग दाट झाडीत राहत नाही. त्याला धावायला मोकळं रान लागतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळा उघडा डोंगर म्हणजे जुना माळ नव्हे. घाटमाथ्याकडचे कित्येक डोंगर राबासाठी, कोळशासाठी तोडून बोडके झालेत. फरक ओळखायची एक खूण सांगतो. उतारावरच्या ओघळीत आणि खोबणीत शिरा. तिथे पावसाळी जंगलातली झाडं आणि वेली जीव धरून असतील, तर वरचा बोडका भाग बहुधा तोडलेला. ओघळीतही बोर, हिवर, हिंगणबेट अशीच मंडळी असली आणि माळावरच्या रोपांच्या मुळाशी जाडजूड गाठी-कंद असले, तर तो माळ जन्माचा माळ. त्याच्यावर लांडगा, चिंकारा, धाविक असे रहिवासी आहेत. तिथे झाडं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपलं सामान टाकणं. खड्ड्यांचे पैसे चराई आलटूनपालटून बंद ठेवायला आणि गवत राखायला वापरता आले, तर बघा. ग्रामसभेत हे पटवणं अवघड जाईल, हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत गेली. सागाच्या ओंडक्यावर वर्तुळं दिसतात, आंब्याच्या ओंडक्यावर दिसत नाहीत. वर्तुळं मोजून झाडाचं वय खरंच कळतं? — एक निवृत्त व्यापारी, नाशिक

सागाचं कळतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला साग मोठ्या तोंडाच्या नळ्या असलेलं लाकूड घडवतो, पुढे नळ्या बारीक होत जातात, मग पानं गाळून झोपतो. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्या. तुम्ही रंधा मारताना जी रेघ बघता ती ही सीमा. आंबा, जांभूळ पूर्ण झोपत नाहीत, थांबतात-वाढतात-थांबतात, म्हणून रेघा पुसट आणि बेभरवशाच्या.

नुसती मोजणी मात्र चुकते. श्रावणात पावसानं लांब दडी मारली तर साग एकाच वर्षात दोन रेघा काढतो, भीषण दुष्काळात एकही नाही. म्हणून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नमुन्यांची, वीस-तीस झाडांची, एकमेकांशी ताळेबंदासारखी जुळवणी करतात. यासाठी झाड पाडावं लागत नाही, पोकळ गिरमिटानं नमुना निघतो. जावा बेटावर बेर्लाख नावाच्या डच हवामानतज्ज्ञानं १९३१ मध्ये सागाच्या कड्यांची १५१४ पासूनची मालिका प्रसिद्ध केली. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं सागाच्या कड्यांवरून जुन्या मॉन्सूनचा माग काढला आहे. पर्जन्यमापक आपल्याकडे दीड-दोनशे वर्षांचे, त्याआधीचे दुष्काळ सागाच्या पोटात आहेत. तुमच्या वखारीतून गेलेल्या ओंडक्यांत किती नोंदी गेल्या असतील, असा विचार मनात आला खरा. पण तुम्ही ती वर्तुळं निदान बघितलीत. बाकीच्यांनी दारं-खिडक्या बघितल्या.

प्रश्न : उपग्रहाच्या अहवालात आमच्या जिल्ह्यात भरपूर वनाच्छादन दाखवतात. माझी हापूसची बाग त्यात मोजली असेल का? मग माझी बाग जंगल झाली का? — एक बागायतदार, रत्नागिरी

मोजली असण्याची शक्यता दांडगी. आणि नाही, ती जंगल झाली नाही.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून दर दोनेक वर्षांनी देशाचा वन अहवाल काढते. त्यातली व्याख्या अशी : किमान एक हेक्टर जागा, आणि वरून पाहता किमान दहा टक्के जमीन झाडांच्या माथ्यानं झाकलेली. जमीन कोणाच्या नावावर आहे, झाड कुठलं आहे, कशासाठी लावलंय, यातलं काहीच बघायचं नाही. हापूसची कलमबाग, काजू, रबर, सगळं पात्र. संस्था हे लपवत नाही, अहवालात स्पष्ट लिहिते. घोळ होतो तो वर्तमानपत्राच्या मथळ्यात, तिथे ‘वनाच्छादन’चं ‘जंगल’ होतं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन अगदी थोडी आहे, हिरवाई बहुतेक खाजगी मालकीची. त्यामुळे तुमच्याकडे हा घोळ फारच मोठा.

उपग्रहाला दिसतं काय? हिरवं पान तांबडा प्रकाश गिळतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे काम चोख आहे. पण अहवालासाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साडेतेवीस मीटर लांबीरुंदीचा चौकोन. तुमची कलमं दहा-दहा मीटरवर असतील तर एका ठिपक्यात पाच-सहा कलमं. त्या ठिपक्याला कलम आणि किंजळ सारखीच हिरवी.

यातून वाट निघते. नोव्हेंबरचं आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं, तर किंजळ-ऐनाचं पानगळी रान पिवळं पडलेलं दिसतं आणि बाग हिरवीच राहते. तेवढं पुरत नाही, कारण देवराईही हिरवीच राहते. मग लेझरचा झोत वरून सोडून झाडीचे मजले मोजतात. देवराईत उंच झाड, खाली मधलं झाड, त्याखाली झुडूप, वेली असे चार-पाच मजले सापडतात, बागेत एकच मजला आणि खाली साफ केलेली जमीन. सरतेशेवटी माणसाला चालत जावंच लागतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवराया अशाच पायी फिरून नोंदल्या, आणि गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय ती नोंद पुरी झाली नसती. देवाच्या नावानं राखलेली राई का टिकली आणि शेजारची का गेली, हे कुठल्याच कॅमेऱ्यातून दिसत नाही.

आणि उलटी चूकही होतेच. तुमच्याकडचा कातळसडा उपग्रहाला आणि महसुलाच्या कागदाला बहुतेक वर्षभर पडीक दिसतो. ऑगस्टमध्ये त्याच्यावर जाऊन बघा.

प्रश्न : झाड न तोडता त्याचं वजन कसं काढतात? मला प्रकल्पासाठी हवंय. — नववीतली एक विद्यार्थिनी, ठाणे

छान विषय घेतलास. लागतील त्या वस्तू : शिंप्याचा टेप, एक काठी आणि गणकयंत्र.

जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोज. समज, एका सागाचा घेर १२६ सेंटिमीटर आला. त्याला ३.१४ नं भागलं की व्यास ४० सेंटिमीटर. उंचीसाठी उन्हात एक मीटरची काठी सरळ उभी कर, तिची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोज आणि त्रैराशिक मांड. समज, १८ मीटर आली. लाकडाची घनता सागासाठी साधारण ०.६ धर. आता २०१४ मध्ये जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी उष्ण प्रदेशातली चार हजारांवर झाडं प्रत्यक्ष तोडून-तोलून मिळवलेल्या आकड्यांवरून काढलेलं सूत्र वापर : घनता × व्यासाचा वर्ग × उंची, याचा ०.९७६ वा घात, गुणिले ०.०६७३.

आपल्या सागाचं : ०.६ × १६०० × १८ = १७,२८०. त्याचा घात आणि गुणाकार केला की सुमारे ९२० किलो. हे जमिनीवरच्या भागाचं सुकं वजन. त्यातला साधारण ४७ टक्के कर्ब, म्हणजे ४३० किलोच्या आसपास. तेवढा कर्ब हवेतून घ्यायला सुमारे १,५८० किलो कार्बन डायऑक्साइड लागला.

वहीत एक ओळ नक्की लिही : एकट्या झाडासाठी हा आकडा बराच चुकू शकतो, शंभर झाडांच्या बेरजेत चुका एकमेकींना खातात. आणि वडा-पिंपळावर हे करू नकोस. पारंब्यांच्या खोडाचा घेर कुठून कुठे मोजायचा, यावर मोठी माणसंही भांडतात.

प्रश्न : मी मूळची सावंतवाडीची, आता दहा वर्षं फिनलंडमध्ये. इथल्या पाइनच्या जंगलात पाय ठेवला तर गादीत रुतल्यासारखा वाटतो, शेवाळ आणि सुयांचा जाड थर. आंबोलीच्या रानात इतका पाऊस, इतका पाला, तरी चपलेनं उकरलं की लगेच तांबडी माती. असं का? आणि इथल्या रानाला आपल्या पहिल्या पावसासारखा वास का येत नाही? — एक वाचक, एस्पो

तुमच्या पत्रात पृथ्वीवरची दोन टोकाची जंगलं एकमेकांसमोर आली.

तिकडे वर्षातले कितीतरी महिने जमीन गोठलेली. पाइन-स्प्रूसच्या सुया मेणचट, चिवट आणि आम्लधर्मी. त्या कुजवणारी बुरशी, जंतू थंडीत हातपाय आखडून बसतात. पडणारं जास्त, कुजणारं कमी, म्हणून गादी. त्या थरातून झिरपणारं आम्ल पाणी मातीतलं लोह खाली नेतं आणि वर राखेसारखा फिका थर राहतो. रशियन शेतकऱ्यांनी अशा मातीला ‘पॉडझोल’ म्हटलं, अर्थ साधारण ‘राखेखालची’ असाच. जगातल्या अशा उत्तरेकडच्या जंगलांत कर्बाचा साठा झाडांपेक्षा जमिनीत जास्त असतो.

आंबोलीत उलटं. ऊब आणि ओल एकत्र आली की वाळवी, गोम, बुरशी पाल्यावर तुटून पडतात. साल-दोन सालांत पान नाहीसं, आणि त्यातून सुटलेली पोषकद्रव्यं वरच्या चार बोटांत पसरलेली मुळं लगेच ओढून घेतात. जांभ्याची माती गरीबच, पावसानं पुष्कळसं धुऊन नेलेलं, उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून ती तांबडी. आंबोलीची श्रीमंती झाडांच्या अंगावर असते. जंगल तोडलं की माती काही वर्षांत का दगा देते, ते यातून कळतं.

वाळवीचं नाव निघालंच आहे, तर तुम्हाला आवडेल ते सांगतो. श्रावणात वारुळावर उगवणारी अळंबी ही वाळवीची शेती आहे. वारुळात ती पाल्याच्या लगद्यावर एक बुरशी वाढवते, तिचंच ते फळ. तुमच्या फिनलंडमध्ये कुणाच्याही रानात शिरून अळंबी गोळा करायचा हक्क सगळ्यांना असतो, पण तिथली बहुतेक चविष्ट अळंबी झाडांच्या मुळांशी भागीदारी करते. वाळवीशी करणारी तिथे मिळायची नाही. तिची भाजी खायला घरीच यावं लागेल.

आता वास. मातीत राहणारे एक प्रकारचे जंतू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, माणसाच्या नाकाला ते अब्जावधीत काही कण इतकं कमी असलं तरी कळतं. तिथल्या मातीतही ते आहे. पण आपल्याकडे सात-आठ महिने दगडमातीवर झाडांची तेलं साचत राहतात आणि पहिल्या सरीचे थेंब आपटले की हे सगळं एकदम फवाऱ्यासारखं उडतं. ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या रसायनतज्ज्ञांनी १९६४ मध्ये याला नाव दिलं, पेट्रिकोर. कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून मातीचं अत्तर काढत होते. तुमच्याकडे जमीन कधी एवढी तहानलेलीच नसते, मग तो वास यायचा कुठून?

प्रश्न : भीमाशंकरचं जंगल पावसाळ्यात रात्री चमकतं म्हणतात. फॉस्फरसमुळे का? — एक वाचक, मंचर

फॉस्फरसमुळे नाही. ओल्या, कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या मायसिना वंशातल्या बुरशीच्या शरीरात एक द्रव्य प्राणवायूशी संयोग पावतं आणि ऊर्जा फिक्या हिरव्या उजेडाच्या रूपात बाहेर पडते. काजव्यासारखंच, पण रसायन वेगळं. प्रत्येक पावसाळ्यात आणि प्रत्येक रात्री दिसेलच असं नाही. बॅटरी विझवून पंधरा मिनिटं थांबा, मग डोळे उघडतात. फांदी घरी आणू नका. सुकली की चमक जाते, आणि अभयारण्यातून ती उचलणं हा गुन्हाही आहे.

प्रश्न : मुलगी बारावी शास्त्र झाली. म्हणते, जंगलात काम करायचंय. कुठली शाखा घ्यावी? नोकरी मिळेल का? — एक पालक, सातारा

दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी आहे, रोपवाटिका, लाकूड, वनव्यवस्थापन यात रस असेल तर ती वाट. वनसेवेच्या परीक्षांना विज्ञानाच्या बऱ्याच पदव्या चालतात. संशोधन करायचं असेल तर आधी कुठल्याही चांगल्या महाविद्यालयातून वनस्पती, प्राणी, भूगर्भ, रसायन, अगदी भौतिकशास्त्राची पक्की पदवी घ्यावी, आणि मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात पदव्युत्तर प्रवेशाचा प्रयत्न करावा. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. नोकऱ्या आहेत, पण पहिली काही वर्षं प्रकल्पांवरच्या, मुदतीच्या असतात. हे तिला आत्ताच सांगा, नंतर नको.

माझा आग्रह एकच, संख्याशास्त्र टाळू देऊ नका. जंगलात काम करायला आलेली कितीतरी हुशार मुलं मी पाहिली, रात्री-बेरात्री रानात फिरायची, आणि परत आल्यावर वहीतल्या आकड्यांपुढे बसून रडकुंडीला यायची. दुसरं, तिला झाडांची गावातली नावं येऊ द्यात. शास्त्रीय नाव पुस्तकात मिळतं. पिसा कुठला, पारजांभूळ कुठलं, गेळा कुठला, हे गुराखी आणि वैदू सांगतात, आणि तेही आता कमी उरलेत.

आणि जूनमध्ये ती पहिल्यांदा कोयनेच्या रानात जाईल तेव्हा मोज्यांचे दोन जास्तीचे जोड आणि मिठाची पुरचुंडी द्या. जळवांना कुठलीच शाखा वर्ज्य नसते.